आखून गेले ते, राहिले ते

लातूरच्या गंजगोलाईत नवखा माणूस हमखास चुकतो. आला त्याच रस्त्यानं परत जायला निघतो आणि भलत्याच बाजारात जाऊन पोचतो. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती दुमजली गोल इमारत आणि त्या गोलाला येऊन मिळणारे सोळा रस्ते. नवख्याला सगळे सारखेच दिसतात. लातूरकर मात्र रस्ता मालावरून ओळखतो. कापड लाईन, सराफ लाईन, भुसार लाईन. मिरचीचा ठसका लागला की एक बाजू, गुळाचा वास आला की दुसरी, चपला टांगलेल्या दिसल्या की तिसरी. पाटी वाचावी लागत नाही, आणि वाचायची म्हटली तर ती सापडतही नाही.

गोलाईची मुख्य इमारत १९१७ सालची. नकाशा आखणाऱ्या नगररचनाकाराचं नाव फैयाजुद्दीन एवढंच लातूरला माहीत आहे. त्यांचा पुतळा नाही, चौकाला त्यांचं नाव नाही. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. बार्शी लाईटची छोटी गाडी कुर्डुवाडीहून लातूरला येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. गाडी आली म्हणजे माल आला, माल आला म्हणजे अडत आली, आणि अडत आली की बैलगाड्यांची रीघ. तिकडे हैदराबादेत १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानं शहर धुऊन नेल्यावर १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ निघालं होतं. शहर आखता येतं, ते आपोआप वाढू द्यायचं नसतं, ही हवा त्या काळात निजामाच्या राज्यात होती. लातूरची गोलाई त्याच हवेत उभी राहिली.

गोलच का, याचं लेखी उत्तर माझ्या पाहण्यात नाही. पण गोलाईच्या कडेला तासभर उभं राहिलं तर माझ्यापुरतं उत्तर मिळतं. भरलेली बैलगाडी सहजासहजी मागं घेता येत नाही. चौकोनी बाजारपेठेत समोरून दुसरी गाडी आली की दोन्ही गाडीवान हातघाईवर येतात. गोलात गाडी शिरते, फेरा मारते, माल उतरवते आणि हव्या त्या रस्त्यानं बाहेर पडते. दुसरं असं की, कोपऱ्याच्या दुकानाला व्यापारी जास्त भाव देतो, कारण त्याला दोन तोंडं असतात. सोळा रस्त्यांनी गोल कापला की कोपरे भरपूर निघतात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या नजरेत भरणारी जागा चार बड्या आसामींपुरती राहत नाही. हे सगळं आखणाऱ्यानं ठरवून केलं की होऊन गेलं, ते देवीला ठाऊक. पण शंभर वर्षं झाली, बैलगाड्या गेल्या, टेम्पो आले, हातगाडे आले, दुचाक्यांचा बुजबुजाट झाला, महानगरपालिकेनं अतिक्रमणं काढली आणि ती पुन्हा बसली. गोलाई अजून बाजारच आहे. तिला सांभाळणारे आतच आहेत. व्यापाऱ्यांचं पोट तिच्यावर आहे आणि नवरात्रात अख्खं शहर तिथं लोटतं.

आजच्या लातुरात किंवा नांदेडात ‘चांगला डिझायनर सांगा’ म्हटलं तर लोक फ्लेक्सवाल्याचा नंबर देतात. आठ बाय दहाच्या गाळ्यात एक संगणक, कोरल ड्रॉ, श्रीलिपीचे फाँट आणि समोर घाई करत उभे असलेले चार कार्यकर्ते. वाढदिवसाच्या शुभेच्छा, क्लासच्या गुणवंतांचे फोटो, दहाव्याचा भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक, लग्नपत्रिका, निवडणुकीचं पत्रक. कुणाचा फोटो किती मोठा, कुणाचा कुणाच्या वर, कोपऱ्यातल्या वर्तुळांत कुणाला घ्यायचं आणि कुणाला गाळायचं, हे सारं हा विशीतला पोरगा रात्री अकराला ठरवतो. गावातल्या मानपानाचा इतका बारीक नकाशा दुसरा कुणी काढत नसेल. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये कडक आदेश दिले. फलक काही दिवस उतरले, मग सण आला आणि परत चढले. मला या पोरांची टिंगल करायची नाही. शहराच्या दर्शनी भागावर रोज हात चालवणारा डिझायनर आज तोच आहे, आणि त्याला कुणी शहराबद्दल काही विचारत नाही, हे नोंदवायचं आहे.

शहराबद्दल ज्यांना विचारलं जातं ते बाहेरून येतात. तेही रोज येत नाहीत. काहीतरी मोठं घडावं लागतं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. किल्लारीच्या आसपास जमीन हलली. रिश्टर मापनावर सहाच्या थोडं वर, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम भूकंप. लातूर आणि उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. मध्यम भूकंपानं एवढी माणसं का मारली? कारण ती झोपली होती आणि त्यांच्या अंगावर घर आलं.

ते घर कसं होतं, ते नीट पाहायला हवं. दोन-अडीच फुटांची, कुठं त्याहूनही जाड भिंत. बाहेरून घडीव किंवा निवडलेला काळा दगड, आतून दुसरा थर, आणि मधल्या पोकळीत कपच्या आणि माती. बाहेरच्या थराला आतल्या थराशी जखडणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. बाहेरून पाहणाऱ्याला भिंत एकसंध आणि बुरुजासारखी वाटे, प्रत्यक्षात दोन पातळ भिंती एकमेकींना पाठ लावून उभ्या असत. वर माळवद. लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला माळवद गळू नये म्हणून आणखी माती टाकायची. आजोबांनी टाकली, बापानं टाकली, मुलानं टाकली. उन्हाळ्यात घर गार राही, पावसात गळत नसे आणि दर वर्षी छत थोडं जड होत जाई. कुणाचंच काही चुकत नव्हतं. हा भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो तिसऱ्या क्षेत्रात गेला.

आणखी एक गोष्ट ढिगारे उपसताना अभियंत्यांच्या लक्षात आली. पुष्कळ घरांत भिंती ढासळल्या होत्या, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता. जिथं माळवदाचा भार भिंतीवर नव्हता, खांबांवर होता, तिथं माणसं वाचण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे जुन्या घरात मारणारंही होतं आणि तारणारंही होतं. हे वेगळं काढून दाखवणं हे डिझायनरचं काम. पण ऑक्टोबर १९९३ मध्ये ते ऐकायला कुणाचं काळीज जाग्यावर होतं? दगडाचं नाव काढलं की माणसं दचकत. नको तो दगड, नको ते माळवद, आम्हाला स्लॅबचं घर द्या, हे गावोगाव एकमुखानं सांगितलं जात होतं.

सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम आखला आणि गावांची वर्गवारी केली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं ‘अ’ वर्गात, ती नव्या जागी हलवायची. त्याखालोखाल नुकसान झालेली बाविसेक गावं ‘ब’ वर्गात. बाकी सुमारे अडीच हजार गावांतल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण जागच्या जागी. देशभरातून संस्था, उद्योग, वर्तमानपत्रं गावं दत्तक घ्यायला धावली, आणि त्यांच्याबरोबर वास्तुविशारद आले. एवढ्या नामवंत आणि होतकरू वास्तुकारांचे पाय मराठवाड्याच्या मातीला त्याआधी कधी लागले नव्हते. ‘मल्याळा मनोरमा’ या केरळच्या दैनिकानं वाचकांच्या वर्गणीतून बाणेगाव बांधायला घेतलं, आणि त्यासाठी लॉरी बेकर यांच्यासारखा स्वस्त, साध्या, हवेशीर घरांचा जाणता माणूस मिळाला. अहमदाबादच्या कीर्ती शहा यांची संस्था मलकोंडजीत लोकांबरोबर बसून गाव आखत होती. गुबाळमध्ये चक्क घुमटाकार घरं उभी राहिली. घुमट भूकंपाला चिवट असतो, हे शास्त्र खरंच आहे. पण गोल भिंतीला कपाट कसं लावायचं, पलंग कुठं टेकवायचा, मुलगा वेगळा झाला की खोली कुठून काढायची, हे प्रश्न शास्त्राच्या पुस्तकात नसतात.

घराचं क्षेत्रफळ जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला चारशे, मोठ्याला साडेसातशे. कागदावर हे रास्त वाटतं, वाटपाला निकष तर लागतोच. पण त्यामुळं जुन्या गावातली उतरंड नव्या नकाशात चौरस फुटांत लिहिली गेली. पूर्वी गरिबाचं घर लहान असलं तरी त्याला कुणी ‘अडीचशेवाला’ म्हणत नव्हतं.

नवी गावं सरळ रेषेत आखली गेली. काटकोनात कापणारे रुंद रस्ते, सारखे प्लॉट, जागोजाग मोकळ्या जागा. जुनं गाव पांढरीवर दाटीवाटीनं वसलेलं असे, गल्लीत दोन माणसं जेमतेम मावत, आणि भूकंपात त्याच अरुंद गल्ल्यांनी माणसं अडकवली होती. तेव्हा रुंद रस्त्याची मागणी लोकांचीही होती, हे विसरून चालणार नाही. जुन्या वळणाच्या चौकांची, अंगणाभोवती जमलेल्या घरांची चित्रं घेऊन आलेल्या वास्तुकारांना काही ठिकाणी गावकऱ्यांनीच नकार दिला. आम्हाला शहरातल्या कॉलनीसारखं गाव पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ‘परंपरा’ बाहेरून आलेल्यांना हवी होती आणि ‘कॉलनी’ गावकऱ्यांना. मला यात गावकऱ्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. ज्याच्या घरातली माणसं मातीखाली गेली, त्याला मातीच्या घराचं सौंदर्य समजावून सांगणारा माणूस परग्रहावरून आल्यासारखाच वाटणार.

पण कॉलनीची किंमत पुढं कळली. गाव जुन्या गावठाणाच्या कित्येक पट जागेवर पसरलं. तेवढी नळाची लांबी, तेवढे दिव्याचे खांब, तेवढी गटारं, आणि ते सांभाळायला तीच जुनी ग्रामपंचायत. शेजार तुटला. ओसरीवरून ओसरीवर चालणाऱ्या गप्पांना आता वीस-तीस फुटांचा रस्ता आडवा आला. घरात बळद नव्हतं, पेव नव्हतं. ज्वारी कुठं भरायची? कडबा कुठं रचायचा? बैल कुठं बांधायचा? शहरी नकाशात बैठकीची खोली, स्वयंपाकघर, शयनगृह असतं. शेतकऱ्याचं घर हे घर, गोदाम आणि गोठा असं तिन्ही मिळून असतं, हे नकाशात राहून गेलं.

राहिलेलं लोकांनी भरून काढलं. नव्या गावांतून हिंडलं की ते आजही वाचता येतं. मूळ घर ओळखू येतं, कारण ते सगळीकडे सारखं आहे. त्याच्या पुढं पत्र्याची ओसरी, मागं गोठा, बाजूला न्हाणी, आणि भोवती भिंत. सरकारी खोलीत कुठं धान्याची पोती, कुठं खताच्या गोण्या, आणि माणसं पुढच्या पत्र्याखाली. काहींनी काही वर्षांनी जुन्या ढिगाऱ्यातला दगड आणून त्याचीच भिंत घातली. रोहित जिग्यासू या वास्तुकार-संशोधकानं मराठवाडा आणि काठमांडू खोऱ्याचा मिळून केलेला प्रबंध २००२ मध्ये पूर्ण झाला. स्थानिक ज्ञान आणि लोकांची स्वतःची ताकद आपत्तीतून सावरताना कशी कामी येते किंवा वाया जाते, हा त्याचा विषय. किल्लारी परिसर त्याला उत्तम नमुना होता, कारण इथं दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी पाहायला मिळत होत्या. भीती ओसरली, दगड तसाच पडून होता आणि सिमेंट महाग. भीतीच्या जागी ज्ञान यायला हवं होतं. बावन्न गावांत ते फारसं आलं नाही, कारण तिथं घर बांधून मिळालं होतं.

ज्ञान आलं ते त्या दुसऱ्या, कमी बोलबाला झालेल्या गावांत. दुरुस्ती-मजबुतीकरणाची सुमारे अडीच हजार गावं, पावणेदोन-दोन लाख घरं. तिथं ठेकेदार नव्हता. घरमालकानंच बांधायचं, पैसे हप्त्याहप्त्यानं बँकेत जमा होणार, सिमेंट आणि लोखंड सरकारी डेपोतून कुपनावर. अभियंता येऊन पाहणार आणि मग पुढचा हप्ता. म्हणजे दोन लाख घरांचे दोन लाख डिझायनर. त्यांना शिकवायचं कुणी?

इथं दोन गोष्टी घडल्या. पहिली गवंड्यांबाबत. अहमदाबादचे राजेंद्र आणि रूपल देसाई, तो रचना अभियंता, ती वास्तुविशारद, किल्लारीनंतर इथं आले आणि दगडाच्या घराला शिव्या न देता ते कसं वाचवायचं याच्यामागं लागले. त्यांच्यासारख्यांनी आणि सरकारी अभियंत्यांनी गवंड्यांना जे शिकवलं ते काम जवळून पाहण्यासारखं आहे. भिंत उभी आहे, ती पाडायची नाही. भिंतीतला एक दगड हळूच, पहारीचा दणका न देता, डुलवून डुलवून काढायचा. मधली माती खरवडायची. पलीकडच्या थरातला समोरचा दगड तसाच काढायचा. आरपार भोक पडलं की त्यात लोखंडाची आकडी ठेवून काँक्रीट ठासून भरायचं. हा झाला आरपार दगड, जो मूळ बांधणाऱ्यानं घातला नव्हता. असे ठरावीक अंतरावर घालत जायचे. मग छताखाली सगळ्या भिंतींना गुंडाळणारा जाळीचा आणि सिमेंटचा पट्टा. कोपऱ्यात उभी सळई. खांब आणि तुळई यांच्या काटकोनात तिरपा लाकडी टेकू. आणि शेवटी वर चढून माळवदावरची पिढ्यांची माती फावड्यानं खाली ढकलायची, पातळ थर ठेवायचा. यात एकही गोष्ट गावच्या गवंड्याला न जमणारी नाही. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठीचं भारतीय मानक, आयएस १३८२८, छापलं गेलं तेही १९९३ सालीच. इंग्रजीतलं मानक आणि गावातला गवंडी यांच्यात जे अंतर होतं, ते असं भिंतीला भोक पाडून कमी झालं.

दुसरी गोष्ट बायकांची. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे या गावांतल्या लोकसहभागाचं काम होतं. हजारावर गावांत महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. काम काय? घरोघर जाऊन योजना समजावून सांगायची. हप्ता का अडला ते विचारायचं. अभियंता येणार त्या दिवशी चार बायका गोळा करून त्याला काम दाखवायचं. गवंडी कोपऱ्यात सळई न घालताच पुढं चालला तर त्याला थांबवायचं. ज्या बाईला आयुष्यात कुणी ‘घर कसं पाहिजे’ हे विचारलं नव्हतं, ती आता पायाची खोली आणि सिमेंट-वाळूचं प्रमाण यावर हुज्जत घालत होती. पुरुषमंडळी सुरुवातीला हसली. मग पैसे अडले की तिच्याकडेच येऊ लागली. सरकारी कागदात तिला डिझायनर म्हटलेलं नाही. पण नकाशा आणि घर यांच्यामध्ये उभं राहून दोघांनाही एकमेकांची भाषा कळवणारं जे काम आहे, ते डिझाइनचंच काम आहे, आणि त्यातलं सर्वांत अवघड. २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडं गेल्या. आपल्या घराच्या भिंतीत काय घालून घेतलं, ते गुजरातच्या बायकांना त्यांनी स्वतः सांगितलं. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. त्यांच्याबद्दल मराठवाड्यात जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलं नाही, असं माझं मत आहे.

नांदेडला भूकंपाची नव्हे, उत्सवाची तारीख होती. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथं गोदाकाठी गुरू ग्रंथ साहिबला गुरुपद दिलं. त्या गुरुतागद्दीला २००८ मध्ये तीनशे वर्षं होणार होती आणि जगभरातून लाखो भाविक सचखंड श्री हुजूर साहिबला येणार होते. २००५ च्या डिसेंबरात जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झालं आणि नांदेड हे जेमतेम चार-पाच लाख वस्तीचं शहर महानगरांच्या पंगतीत जाऊन बसलं. पैसा आला, मुदत आली. दिल्लीचे वास्तुविशारद प्रदीप सचदेव आले. दिल्ली हाट ज्यांनी उभं केलं तेच.

सचदेव यांनी नांदेडच्या रस्त्यांत जे केलं ते त्या वेळी भारतात जवळजवळ नवं होतं. आपल्याकडे रस्ता आखताना आधी गाड्यांना द्यायचं आणि उरलं तर माणसांना, अशी रीत. त्यांनी गाड्यांचा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा ठरवला आणि उरलेली जागा चालणाऱ्यांना, सायकलींना, झाडांना, बसथांब्याला, फेरीवाल्याला वाटून दिली. उभी झाडं राखली. नदीकाठाचीही आखणी झाली. रस्ते कुणासाठी आखायचे याची चर्चा करणारी मंडळी पुढं बरीच वर्षं नांदेडचं उदाहरण देत राहिली. पुण्यामुंबईच्या आधी नांदेडला धड पदपथ मिळाला, हे वाक्य नांदेडकरानं ऐटीत म्हणायला हरकत नाही.

रुंदीकरणात जुन्या शहरातली घरं-दुकानं गेली, त्याचा सल अजून काहींच्या मनात आहे. तो खोटा नाही. पण मला जास्त खटकतं ते नंतरचं. सोहळा झाला, पाहुणे गेले, अभियान संपलं. सायकलच्या पट्ट्यावर दुचाक्या उभ्या राहिल्या. पदपथावर दुकानाची पायरी पुढं सरकली. कुठं केबल टाकायला फरशी उखडली, ती बसवताना पातळी चुकली आणि पावसाचं पाणी साचायला लागलं. यातलं एकही काम मोठ्या वास्तुविशारदाचं नाही. फरशी कोणत्या पातळीला बसवायची एवढंच कुणीतरी जाग्यावर सांगायचं होतं. मूळ चित्र माहीत असलेला माणूस महापालिकेच्या पगारपत्रकावर नव्हता. ठेकेदार होता, कनिष्ठ अभियंता होता, आणि दोघांनाही मोजमाप पुस्तिका भरायची होती. शिवाजीनगर ते वजिराबाद असं पायी गेलं तर आखणी कुठं टिकली आणि कुठं विरली ते पावलागणिक कळतं.

अगदी उलट उदाहरणही लातूर-नांदेड याच दोन जिल्ह्यांत आहे, आणि ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याखेरीज कुणाला आठवत नाही. स्वामी रामानंद तीर्थांनी स्थापलेली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडची. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला ध्वजाची खादी विणली जाते आणि नांदेडला तिरंगा शिवला जातो. देशात असा अधिकृत खादीचा राष्ट्रध्वज बनवणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. राष्ट्रध्वज ही आपल्या देशातली सर्वांत काटेकोर रचना. २२ जुलै १९४७ ला घटना समितीनं ती स्वीकारली आणि १९५१ मध्ये तिचं मानक लिहिलं गेलं. त्याचा क्रमांकच आयएस १. लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन. ठरलेले नऊ आकार, सगळ्यांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यांत छोटा १५० बाय १००. चक्राला आरे चोवीस, आणि चक्र कापडाच्या दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळलं पाहिजे. सुताची जाडी, विणीची घनता, रंगाची छटा, शिवण, दोरी, सगळं लिहिलेलं. मागावर बसलेली उदगीरची बाई किंवा शिलाईवर बसलेला नांदेडचा कारागीर यांनी ही रचना केलेली नाही. पण ती रोज त्यांच्या हातून पार पडते. चूक झाली तर कापड बाजूला काढलं जातं. ती तपासणारी माणसं रोज तिथं असतात, पुढच्या वर्षीही असणार आहेत.

३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली, यंत्रावर विणलेला आणि पॉलिस्टरचा झेंडाही चालेल असं ठरलं, आणि पुढच्या वर्षी घरोघरी तिरंगा गेला. झेंडे वाढले, प्रमाण बिघडलं. चक्र लंबगोल, पट्टे असमान, असे तिरंगे आपण सगळ्यांनी पाहिले. उत्साहाला दोष देत नाही. पण माप सांभाळणारा माणूस मधून निघाला की काय होतं, ते इतकं स्वच्छ दुसरीकडं दिसणार नाही.

तर मग लातूर-नांदेडला कायमचा डिझायनर कुठून आणायचा? वास्तुशास्त्र शिकलेली इथली मुलं पुण्या-हैदराबादला जातात. जी परत येतात ती डॉक्टरांचे दवाखाने, क्लासवाल्यांच्या इमारती आणि बंगले बांधतात, कारण पैसे तिथंच आहेत. त्यांना दोष कशाला द्यायचा? महापालिकेकडे त्यांच्यासाठी काम आहे का, हा प्रश्न आधी. कायद्यात मात्र वाट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. शहराची विकास योजना तयार झाली की तिचा प्रारूप नकाशा प्रसिद्ध करावा लागतो, लोकांकडून ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना घ्याव्या लागतात, त्यावर सुनावणी द्यावी लागते. म्हणजे शहराच्या रचनेवर बोलायचा हक्क प्रत्येकाला आहे. प्रत्यक्षात महापालिकेच्या व्हरांड्यात रंगीबेरंगी नकाशा लागतो. पिवळं म्हणजे निवासी, निळं म्हणजे व्यापारी, हिरवं म्हणजे मोकळी जागा. माणसं त्यात आपला सर्व्हे नंबर बोटानं शोधतात, सापडला आणि त्यावर आरक्षण नसलं तर सुटकेचा श्वास सोडून जातात, असलं तर वकील गाठतात. शाळा पोरांच्या घरापासून किती लांब पडते, भाजीवाली कुठं बसणार, नाल्याच्या काठानं पाणी कुठवर चढतं, यावर हरकत फारशी येत नाही, कारण तो नकाशा असा वाचायचा असतो हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पायाची खोली अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईला समजावता आली, तर विकास योजना वॉर्डातल्या चार माणसांना समजावता येणार नाही असं मी मानत नाही. त्यासाठी दिल्लीचा मोठा वास्तुविशारदही लागत नाही. फ्लेक्सच्या गाळ्यात बसलेल्या त्या पोराच्या हातात दिला तर तोच नकाशा तो वॉर्डापुरता मोठा करून, मराठीत, चौकात लावण्याजोगा करून देईल, आणि कुणाचा फोटो न टाकता.

नगररचना विभागातल्या पदांची यादी पाहिली. सहायक संचालक आहे, नगररचनाकार आहे, रचना सहायक आहे, आरेखक आणि अनुरेखक आहेत. संवाद सहायक नाही. ते पद भूकंपाच्या कार्यक्रमाबरोबर सुरू झालं होतं आणि कार्यक्रमाबरोबरच संपलं.